भावी विस्तारासाठी राखीव

नाव : चुडामण वना बोरसे. हुद्दा : अनुरेखक, वर्ग तीन. मूळ कचेरी धुळे. १९९२पासून जळगावबाहेर होऊ घातलेल्या विद्यापीठाकडे प्रतिनियुक्तीवर. कामाचे स्वरूप : वास्तुविशारदाच्या रेषांवर पारदर्शक कागद ठेवून त्याच रेषा शाईने गिरवणे. स्वतःची रेषा काढण्याचे अधिकार : निरंक.

विद्यापीठ म्हणजे तेव्हा एक बोडकी टेकडी, पत्र्याची खोली आणि दोन हजार वीस सालापर्यंतचा नकाशा. इतक्यांदा गिरवून तो चुडामणच्या डोळ्यांत भिनला होता. दुपारी डबा खाऊन तो टेकडीवर हिंडायला निघे, तेव्हा झळांमध्ये वसतिगृहं तरंगत असत, गच्चीवर कुणाचे तरी कपडे वाळत असत. ग्रंथालयाच्या जागी नुसती कुसळं होती. तरी तो त्यातून आडवा जात नसे. भिंतीला वळसा घालून दारातून शिरे आणि आत पाय न वाजवता चाले.

खालच्या गावची सुंदरबाई शेळ्या राखत हे बघायची. पंधरा दिवस बघून तिने विचारलं, असा फेरा कशाला? त्याने सांगितलं, भिंत शे. तिने मान्य केलं. फक्त शेळ्यांना दिसत नाही, त्या आत गेल्या तर रागवू नको म्हणाली.

मग एके दिवशी तिने उतारावरच्या निंबाकडे हात केला. आखाजीच्या सणाला तिच्या लेकी पारोळ्याहून, यावलहून माहेरी येत आणि साऱ्या गावच्या पोरी त्याच्याच फांदीला झोका बांधत.

"हाऊ निंब जाई का ऱ्हाई, भाऊ?"

नकाशात निंबावर वाहनतळ होता. पहिला टप्पा, साठ वाहनं. विद्यापीठाकडे तेव्हा एक जीप होती, तीही ढकलून चालू होणारी. चुडामण देखू म्हणाला आणि वळसा घालून परतला.

निंबाच्या जागी हिरवा पट्टा दाखवावा, असं आधी त्याच्या मनात आलं. पण धुळ्याला त्याने स्वतः रंगवलेल्या हिरव्या पट्ट्यावर आता साहेबांचे बंगले होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी हात न लावलेली जागा त्याने एकाच प्रकारची पाहिली होती : पिवळ्या तिरप्या रेघांची, 'भावी विस्तारासाठी राखीव'. अशा एका जागेत तर बाभळींचं रान झालं होतं.

नकाशाच्या दुसऱ्या टोकाला तेवढाच पिवळा चौकोन होता. गिरवताना त्याने वाहनतळाची आणि त्या चौकोनाची अदलाबदल केली. क्षेत्रफळाचा तक्ता जुळला. तपासणारे तक्ताच तपासत.

सही करताना अभियंत्याचा हात थांबला. "बोरसे, वाहनतळ ग्रंथालयापासून लांब नाही का वाटत?"

"नाही साहेब. मी रोज जातो."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मोकळ्या माळावर शेळ्या चरत होत्या. त्यांनी बोरसेंकडेही जरा वेळ बघितलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी चुडामणने सुंदरबाईला सांगितलं, "ऱ्हाई."

"कवलोंग?"

"दोन हजार वीस."

तिने तेवढ्या आखाज्या बोटांवर मोजायला घेतल्या, बोटं संपली, तेव्हा हसून शेळ्यांच्या मागे गेली. ग्रंथालयातून.

१९९८च्या मार्चअखेर चुडामण निवृत्त झाला. सेवापुस्तकात स्वतःच्या रेषेची नोंद निरंक आहे. त्या आखाजीला निंबाला तीन झोके होते.