पोत्यांबरोबर आलेली मैत्री

कलकत्त्यातल्या मराठी माणसाला एक चैन असते: ट्राममध्ये समोरच्याच्या टकलावर त्याच्या देखत चर्चा करता येते. बालीगंजच्या बाजारात आम्ही मासेवाल्याला हसतमुखाने काय काय म्हणत असू! आपली भाषा इथे कुणाला कळत नाही, याची आम्हाला पक्की खात्री होती.

साठचं दशक सरत आलं होतं. तागाची पोती परदेशी पाठवणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी नोकरीला होतो, अजून तात्पुरता. नागपूरच्या एका मुलीचे वडील मी कायम होण्याची वाट बघत होते. दिवाळीपर्यंत तसं पत्र आलं नाही, तर त्यांच्याकडे दुसरं स्थळ तयार होतं.

आमची बरीचशी पोती एकच बलाढ्य देश घ्यायचा, कुरकुर न करता. मोबदल्यात मागायचा तरी काय? कचेरीत आमचं कॅलेंडर लावा. आमच्या मैत्री संघाच्या सभेला या. टाळ्या वाजवा. दर कराराबरोबर टाळ्या तेवढ्या वाढत.

त्याच सुमारास त्या देशाने शेजारच्या एका छोट्या देशात रणगाडे घातले, आणि नेमका तेव्हाच त्यांचा प्रतिनिधी हावड्याची तागाची गिरणी बघायला आला. गाडीत मागे तो आणि त्याची दुभाषी बाई, आमच्याशी इंग्रजीत बोलणारी. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि आमचे साहेब, तेही मराठीच. पुलावर गाडी अडकली. पुढे बैलगाडी, मागे ट्राम. मला रिकामा वेळ मिळाला की माझ्यातला नट जागा होतो.

"साहेब, हे गिऱ्हाईक आहे की सासरा? पोती घेतो ती घेतो, वर जावयाने रोज पाया पडायचं! आणि शेजाऱ्याचं दार रणगाड्याने तोडून म्हणतो, सहज भेटायला आलो!" सासऱ्याचा खोकलासुद्धा काढून दाखवला. साहेब हसून हसून लाल झाले.

मागून शांत, स्वच्छ मराठी ऐकू आली. "क्षमा करा. सासरे समजले. रणगाड्याचं वाक्य पुन्हा म्हणाल का? मी चार वर्षं मराठी शिकले, पण इतकं रसाळ कुणी शिकवलं नाही."

माझ्या बाजूचं दार एका ठेल्याला टेकलं होतं. उतरून पळायचीही सोय नव्हती. प्रतिनिधीने तिला काही विचारलं, तिने उत्तर दिलं. मग मला म्हणाली, "त्यांना सांगितलं, घरगुती विनोद होता." आणि हसली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी बाई कचेरीत आल्या, हातात मराठीत लिहिलेला ठराव. रणगाडे त्या छोट्या देशाच्या आमंत्रणावरूनच गेले, असा मजकूर. "आमच्या संघाला मराठी मंडळींसाठी चिटणीस हवा आहे, सभेत हा ठराव वाचणारा. तुमचा आवाज चांगला आहे."

त्या गेल्यावर साहेबांनी दार लावलं. "वाच रे बाबा. करार सहीला आलाय. तुझं पत्रही माझ्याच टेबलावर आहे."

"साहेब, हसला तर तुम्हीही होतात."

"मी कायम आहे," साहेब म्हणाले.

मराठी मंडळींच्या सभेत मी ठराव वाचला. खरं सांगतो, सुंदर वाचला. जिथे थांबायचं तिथे थांबलो, आवाज चढवायचा तिथे चढवला. पहिल्या रांगेत साहेब आणि बाई. मागून एक म्हातारे मास्तर उठले. त्यांचा जन्मच कलकत्त्यातला, आमच्या निम्म्या पोरांना मराठी त्यांनीच शिकवलेली.

"वाचलंस छान. तुला पटतं का पण?"

साहेब वळून बघत नव्हते, पण त्यांची मान ताठ झाली होती.

"पटतं," मी म्हणालो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात.

टाळ्या झाल्या. सोमवारी कायम केल्याचं पत्र हातात पडलं, नागपूरला तार गेली. लग्नाची पत्रिका घेऊन मास्तरांकडे गेलो, तर त्यांनी ती चष्मा लावून सावकाश वाचली, मला पाणी दिलं आणि विचारलं, "हे तरी तुझ्या मर्जीने करतोयस ना?"

मी होकारार्थी मान हलवली. "त्या दिवशीही 'पटतं' म्हणाला होतास," म्हणत त्यांनी पत्रिका घडी घालून परत माझ्या हातात ठेवली.