भुलाबाईच्या गाण्यांखाली गेलेला अल्बम

लग्न ठरायच्या वेळी मी देवाजवळ एकच मागितलं होतं, नवरा ओरडणारा नको. काळा असो, बुटका असो, बोलायला कोरडा असो, मला चाललं असतं. आवाज चढवणारा मात्र नको. तो मी जन्मापासून ऐकत आले होते आणि माझा वाटा ऐकून संपला होता.

माझं माहेर कारंज्याचं, घर हायवेच्या कडेला. बाबा मास्तर. शाळेत आणि गावात एकदम सज्जन, कुणी नाव ठेवणार नाही. घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं की ओरडणं, पेपरची घडी मोडली की ओरडणं, लाइट गेली तरी आईवरच ओरडणं, जशी काही डीपी तिनंच बंद केली. त्यांनी कधी हात उचलला नाही, हे आई मोठ्या कौतुकानं सांगायची. त्यांचा आवाज चढला की ती उठून रेडिओ मोठा करायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. अंगणात चपला कशा वाजल्या यावरून आजचा दिवस कसा जाणार ते आम्हा भावंडांना कळायचं. आवाज न करता भांडी कशी मांडायची ते मला आजही येतं, कुणाला शिकायचं असेल तर यावं.

मला पाहायला हिंगणघाटची मंडळी आली. गुरांच्या ढेप-सरकीचं दुकान, मागे गोदाम, गोदामावर घर. मुलाला काही विचारायचं असेल तर विचार म्हणून मोठ्यांनी आम्हाला बाजूच्या खोलीत बसवलं. मी विचारलं, "तुम्हाला राग येतो का?" त्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "येते ना." बस, एवढंच. तिथंच नाही म्हणावंसं वाटलं. पण तोवर बाहेर साखरेची वाटी फिरली होती.

लग्न भर उन्हाळ्यात झालं. सासरी आल्यावर लोखंडी कपाटात साड्या लावत होते, तेव्हा खालच्या कप्प्यात बुटांच्या खोक्यात कॅसेटी सापडल्या. एकीवर सडकं प्रेत, एकीवर कवट्यांचा ढीग, एकीवर माणसाचं अर्धं वितळलेलं तोंड. वर बँडचं नाव, पण ते झाडाच्या मुळ्यांसारखं असं गुंतलेलं की पहिलं अक्षर कुठलं तेही कळेना. आत घडीच्या कागदावर त्या माणसांचा फोटो होता. कमरेपर्यंत केस, काळे बनियन, आणि उन्हात डोळे बारीक केलेले, लग्नात फोटोवाल्यानं भर दुपारी उभ्या केलेल्या वऱ्हाड्यांसारखे. मी खोकं जागेवर ठेवलं आणि हात धुऊन आले.

संध्याकाळी विचारलं, "हे काय आहे?"

"गाणे आहेत," ते म्हणाले. मग वॉकमन आणला, हेडफोन माझ्या कानाला लावले आणि बटण दाबलं. आधी गिरणीचा पट्टा फिरावा तशी गिटार सुरू झाली, मागून ड्रम, आणि मग तो आवाज. माणसाचा म्हणावा तर माणसाचा नाही, जनावराचा म्हणावा तर शब्द असल्यासारखे. मी हेडफोन काढून टाकले. "याला झालं काय?"

"काही नाई झालं. याचा आवाजच असा आहे."

आणि मग दिवसभरात दहा शब्द न बोलणारा हा माणूस बोलायलाच लागला. हे लोक अमेरिकेचे, फ्लोरिडाचे, तिथेही आपल्यासारखंच उकडते. पहिला अल्बम काढला तेव्हा पोरंच होते, मोरीत बसून रेकॉर्ड केल्यासारखा आवाज येते, पण जीव त्यातच जास्त आहे. दुसरा साफ, तिसरा सावकाश आणि भारी. चौथ्याच्या वेळी ड्रमवाला सोडून गेला, तवापासून मजा गेली. दुसरा आणि तिसरा यांनी नागपूरला सीताबर्डीवरून शोधून आणला होता, चौथा मुंबईहून. पहिला इकडे विकायला आलाच नाही. तो त्यांच्या मित्रानं पुण्याच्या होस्टेलवर कुणाच्या तरी कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटच्या एकाच बाजूवर अख्खा उतरवून दिला होता. त्या कॅसेटच्या कव्हरवर यांनी स्वतः बॉलपेननं त्या मुळ्या काढल्या होत्या. "हे गेलं तं मंग मिळत नाई," असं म्हणून ती त्यांनी खोक्यात सगळ्यात खाली ठेवली.

मी ऐकत होते आणि मनात एकच चाललं होतं. देवानं माझं ऐकलं होतं की माझी थट्टा केली होती? ओरडणारा नको म्हटलं, तर असा दिला की ज्याला ओरडण्याखेरीज दुसरं काही आवडतच नाही.

मग माझं वाट पाहणं सुरू झालं. ओरडणं आज येईल की उद्या, एवढंच. दूध उतू गेलं, मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पोळी करपली, मी पाहिलं. दुकानाची किल्ली मी चुकून माझ्या पर्समध्ये टाकून बाजारात गेले, गिऱ्हाईक उभं, हमाल उभा. धापा टाकत आले तर हे पायरीवर बसलेले. "दे," म्हणाले आणि शटर उघडलं. कुणाला वाटेल, सुखानं राहावं ना बाईनं. पण मला ते सुख गिळता येईना. बाबा निदान लगेच मोकळे व्हायचे. हा माणूस साठवून राह्यला असं माझ्या डोक्यात बसलं, आणि हे रोज कानाला लावून बसायचे ती तालीम. साठलेलं ज्या दिवशी बाहेर पडेल त्या दिवशी माझं काय होईल, या विचारानं मी वाळत चालले. सासूबाईंना वाटलं, मला दिवस गेले. त्यांनी लिंबाचं लोणचं काढून दिलं.

भादव्यात भुलाबाई बसली. आमच्या विदर्भात महिनाभर, कोजागिरीपर्यंत, पोरी संध्याकाळी जमतात, मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढं टाळ्या वाजवून गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकल्या डब्यातला खाऊ ओळखतात. सासूबाईंना अशी गाणी येत होती जी आळीत दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. धाकट्या नणंदेनं ठरवलं की यंदा आईची गाणी टेपमध्ये भरायची. मी स्वयंपाकघरात खाऊचे शंकरपाळे तळत होते. तिनं बाहेरूनच विचारलं, "वहिनी, एखादी जुनी कॅसेट आहे का?" मी म्हटलं, "कपाटात पाहा ना." कढईत तेल तापलेलं, माझं लक्ष तिकडं.

शंकरपाळ्यांचा डबा घेऊन बाहेर आले तर गाणी रंगात आली होती. टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलेलं आणि बाजूला उघडं कव्हर, त्यावर बॉलपेनच्या मुळ्या. विकतच्या कॅसेटच्या वरच्या कडेची खिटी कंपनीच तोडून पाठवते, त्यावर रेकॉर्डिंगचं बटण दबतच नाही. तिनं खोक्यातल्या सगळ्या लावून पाहिल्या, आणि दबलं ते नेमकं या एकीवर.

मी तिच्या कानाशी वाकले. "अगं, ही त्यांची आहे."

"त्यात तं काहीच नव्हतं वहिनी. नुसती खरखर होती, आन् एक माणूस ओकून राह्यला होता. खराब आहे म्हणून तं घेतली."

पोरी डबा हलवून ओळखायला लागल्या. करंजी, चकली, चिवडा. सासूबाई कधी नव्हे त्या लाजत होत्या, पुन्हा ऐकवा म्हणत होत्या. मी मध्येच टेप बंद करणार तरी कशी? आणि करून उपयोग काय, एक बाजू तर पुसून गेलीच होती. सगळ्या माझ्याकडे पाहून विचारत होत्या, वहिनी, गोड की तिखट? मी नुसता डबा उघडून दिला आणि खेळ मोडला म्हणून पोरी चिडल्या.

आता ते ठरलंच होतं. इतके महिने मी ज्याची वाट पाहत होते त्याला कारण मिळालं होतं, आणि तेही माझ्या हातून. नणंदेला म्हटलं, तू सांग. ती हसली, "दादा काही म्हणत नाई." तिला काय, ती माहेरी होती. मी मनात वाक्यं जुळवली. आधी सांगितलं तर कमी ओरडतील की आपोआप कळू दिलं तर? बाबांच्या बाबतीत याचं उत्तर मला पाठ होतं, आधी सांगितलं की दोनदा ऐकावं लागायचं. म्हणून मी गप्प राहिले. त्यांचा हात खोक्याकडे गेला की मी खोलीतून बाहेर पडायची. रोज तिसरा किंवा दुसरा अल्बम निघायचा आणि मी मोरीशी उभी राहून श्वास सोडायची.

कोजागिरी झाली, भुलाबाई पाण्यात शिरवली. नंतरच्या एका सुटीच्या दुपारी, दुकान बंद असताना, त्यांनी ती कॅसेट काढली. मी त्या वेळी खोलीतच कपड्यांच्या घड्या करत होते. पळायला वेळच मिळाला नाही. बटण दाबलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. कॅसेट काढून उलटून पाहिली, कव्हर पाहिलं, पुन्हा लावली. पूर्ण एक बाजू ऐकली, भुलाबाईची. मी एकच टॉवेल पुन्हा पुन्हा घडी करत होते. त्यांचा चेहरा तांबडा होत गेला, मानेवरची शीर फुगली. ती शीर मी ओळखते. मी डोळे मिटले.

चपला वाजल्या. ते जिना उतरून गेले.

ते दुकानाच्या दारातून बाहेर पडलेच नाहीत. मागचं गोदामाचं दार लागल्याचं ऐकू आलं. मी वरच थांबायला पाहिजे होतं, पण मला थांबवेना. सवयच तशी, वादळ कुठवर आलं ते पाहून यायचं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पोचले आणि आतून तो आवाज आला. टेपमधला नाही, त्यांचा. पोटातून निघालेला, घोगरा, लांबलचक. ढेपेच्या पोत्यांवर दोन्ही हातांनी ठोके पडत होते, धडाधड. मी भिंतीला टेकले. मग हळूहळू कळलं, ठोके मोजून पडत होते. आवाज थांबत होता, पुन्हा ठरल्या जागी उठत होता. ते गाणं म्हणत होते. पुसून गेलेला अल्बम पहिल्या गाण्यापासून म्हणत होते, ड्रमसकट.

दार उघडलं तेव्हा घामानं शर्ट भिजलेला, केसांत सरकीचा भुसा. मला पाहून दचकले. "अशी काऊन उभी आहे?" आवाज पार बसला होता.

मी रडत रडत सगळं सांगितलं, कपाट, शंकरपाळे, खिटी. ते पायरीवर बसले. "राग तं खूप आला," म्हणाले, "जीवच गेला माहा. पण आईचा आवाज आहे आता त्याच्यात, ते काय पुसता येते का." मग शर्टानं तोंड पुसत, "पाणी दे ना थोडं." मी पाणी आणायला वर गेले. तांब्या माठावर आपटला, चांगला मोठा आवाज झाला. कुणी काही म्हणालं नाही.

दिवाळीला मला न्यायला आई माझ्या भावाबरोबर आली. दुपारी भाऊ बाजारात गेला होता, आम्ही मायलेकी चहा घेत होतो. हे खाली गोदामात होते. एका व्यापाऱ्यानं त्या दिवशी सकाळी ओली सरकी गळ्यात मारली होती, त्यामुळं डोकं तापलेलं. फरशीखालून तो आवाज सुरू झाला.

आईच्या हातातला कप जागच्या जागी थांबला. ती उठली आणि खोलीभर शोधायला लागली. काय शोधते ते मला आधी कळेना, मग कळलं. आमच्या या घरात रेडिओ नव्हता.

"बस आई," मी म्हटलं. "ते गाणं म्हणून राह्यले."

ती पदर घट्ट करून दाराकडे पाहत बसली. थोड्या वेळानं हे वर आले, तोंड धुतलं, "आई, चहा घेतला ना?" असं घोगऱ्या आवाजात विचारलं आणि दुकानात निघून गेले. चपला पायऱ्यांवरून उतरल्या तरी आई दाराकडेच पाहत होती.

"बाकीचं रात्री का?" तिनं हळू विचारलं.

"बाकीचं काय?"

"ओरडणं, वं. घरातलं."

"घरातलं काही नाई, आई. एवढंच असते."

"एवढंच?" आई म्हणाली. तिला ते खरं वाटत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी काही लपवते का ते शोधत, जशी ती स्वतः इतकी वर्षं लपवत आली होती. मला तिचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. मी तिच्या हातातला कप घेतला आणि मोरीत जाऊन धूत बसले. चहा त्यात अजून तसाच होता.