सगुणाची जीभ

पेणजवळच्या आमच्या खाडीकाठच्या वाडीत सगुणाच्या जिभेला मान होता. मिठागरातलं पाणी कितपत खारावलंय, मीठ धरायला अजून किती ऊन लागेल, हे ती बोट बुडवून, चाखून सांगायची. घरचं कालवण मात्र तिच्या हातून इतकं खारट व्हायचं की पाहुण्याच्या घशाखाली उतरत नसे. तिला ते अळणीच लागायचं. यावरून आम्ही तिची खूप थट्टा केली. आता ती थट्टा आठवली की लाज वाटते.

तिचा नवरा काळुराम हृदयाच्या दुखण्याने खचला. पाय सुजले, दोन पावलांत धाप लागायची. पेणच्या डॉक्टरांनी बजावलं, मीठ बंद केलंत तरच माणूस हाती लागेल. गाजरं उकडून द्या, म्हणाले. सगुणाने घरातली मिठाची बरणी माझ्याकडे आणून ठेवली आणि गाजरं उकडायला घेतली. सूज उतरू लागली, पण काळुराम ताटावरून तोंड फिरवायचा.

"ह्यापरीस मेलेला बरा," म्हणायचा.

मुलगा जगन रोह्याच्या एका कंपनीत कँटीनला, राहायला नदीपलीकडच्या अष्टमी गावात. एका रविवारी तो टोमॅटोचे डबे घेऊन आला, सोललेले, रसात बुडवलेले टोमॅटो.

"आये, गाजराची ताकद उकडल्या पाण्याबरोबर जाते. ह्यांची डब्यातच कोंडलेली हाय. बाबाला हे दे."

मोठा शहाणा! डब्यावरची बारीक अक्षरं काही त्याने वाचली नाहीत.

सगुणाने डबा फोडून रस जिभेवर घेतला. "मीठ नाय गो ह्यात, अळणी हाय," मला म्हणाली. तिच्यानंतर दुसऱ्या कुणी चाखून बघायची आमच्यात रीतच नव्हती.

कितीतरी दिवसांनी काळुराम पोटभर जेवला. रससुद्धा ओरपला. "तुज्या हाताला चव आली गो," म्हणाला, आणि सगुणाला रडूच फुटलं.

मग रोज एक डबा फुटू लागला. पाय पुन्हा टम्म झाले, तोंड सुजलं, शेवटी त्याला आडवंही होता येईना. दवाखान्यात नर्सने विचारलं, काय खायला घालता? सगुणाने अभिमानाने डबाच पुढे केला, गाजरापेक्षा ह्यात ताकद जास्त म्हणाली. नर्सने चाखलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाई, ताकद गाजरातही आहे आणि टोमॅटोतही. पण ह्यात मीठ घातलंय, भरपूर."

सगुणाने पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं.

"मंग मला कसा लागत नाय?" एवढंच म्हणाली.

काळुराम तिथेच गेला. मला जगनचा राग येतो, आणि त्याहून जास्त त्या मिठागराचा. जन्मभर राबवून घेतलं आणि हिची जीभ मारून टाकली.

तेराव्याला सगुणाने हट्टाने स्वतः रांधलं. पहिला घास घेतला आणि पंगतीतले हात थांबले. वरणात, भाजीत, कशातच मिठाचा कण नव्हता. पानाच्या कडेलाही वाढलेलं नव्हतं. ती दाराशी उभी राहून आमच्या तोंडाकडे बघत होती.

"बराबर झालाय ना? मला कळत नाय."

"झालंय गो," मी म्हटलं.

बरणी अजून माझ्याच घरी होती. पंगतीला सगळी मिठागरातलीच माणसं, पण मीठ कुणीही मागितलं नाही.