कान धरणारे गृहस्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी पिंगळीहून परभणीला निघताना डोकं दुखत होतं, म्हणून मी ॲस्पिरिनची गोळी खाल्ली होती.

तापातून उठलेल्या लोकांच्या रक्तावर तिथल्या दवाखान्यात संशोधन चाललंय, आणि मीही नुकताच तापातून उठलेलो. रक्त तपासणारे गृहस्थ लय बोलके. सगळा विषय ते लग्नावर आणून सांगतात. "जंतू म्हंजे बिनबोलावता पाव्हणा. त्याला हुसकायला सारं वऱ्हाड धावतंय अन् मांडवाच्या दारातच अडकून बसतंय. तीच गुठळी. आधी कोण कुणाला ढकलतंय, ते आमी बघायलोत."

मग त्यांनी विचारलं, "काही गोळी घेतली का? ॲस्पिरिननं वऱ्हाड झोपून ऱ्हातंय, रक्त लवकर गोठत न्हाई."

"नाही," मी म्हणालो. बायको शेजारीच होती, आणि मनानं गोळ्या खाणार नाही अशी मी तिची शपथ घेतलेली.

त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला टोचलं. रक्त थांबेना. ते कापूस लावून कान दाबून बसले. जेवायची वेळ झाली तरी सोडेनात. एका हातात माझा कान, दुसऱ्या हातात भाकरी.

"घाबरू नका पाव्हणं, मी हाय," ते म्हणाले. मग बायकोकडं वळून, "वहिनी, असं रक्त मी बघितलंच न्हाई. वऱ्हाड जागचं हलंनाच की."

"त्यांचं सगळंच निराळं," बायको कौतुकानं म्हणाली.

आता माझं रक्त मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणून ते फार खुशीत आहेत. त्याआधी त्यांना गोळीचं खरं सांगणं, तेही बायकोसमोर, एवढं माझ्याकडून अजून बाकी आहे.