रक्त बाहेर येतच नाही

टॅम्पॉनला मराठीत नीट शब्द नाही आणि आमच्या संस्थेच्या पत्रकात इंग्रजी शब्द चालणार नाही, हा हट्ट माझाच. म्हणून मी 'बोळा' लिहिलं. 'पाळीत आत घालायचा कापसाचा बोळा.' खाली ठळक अक्षरांत: 'दिवसभर निर्धास्त राहा. रक्त बाहेर येतच नाही.' हे वाक्य सुचलं तेव्हा मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं.

कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांमध्ये आम्ही ते वाटलं. माझी सख्खी मावशी तिथंच कामाला, म्हणून बाया ऐकायला बसल्या तरी. मी दोरी दाखवली. ग्लासभर पाण्यात टॅम्पॉन बुडवून तो कसा फुगतो तेही दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "बोळा त मेल्याच्या नाकात घालतेत वं पोरी. तू जित्या बाईले कुठं घालून राहिली?"

सगळ्या हसल्या. दुसरीनं आपली तिखट बोटं माझ्या तोंडासमोर नाचवली. "अन् या हातानं घालू? आग लागन न माय!"

हसता हसता त्यांना ठसका लागला. मी चिडले. हात धुवायला नळ नाही, संडासाला कुलूप, किल्ली कोणाकडे ते कोणाला ठाऊक नाही, आणि या खुशाल हसताहेत! राग त्यांच्यावर काढला. किल्लीवाल्यावर काढायला हवा होता, पण तो समोर नव्हता.

मावशी एकटी हसली नाही. तिनं पत्रकाची घडी करून पोलक्यात ठेवली. ती पाचवी शिकलेली. चिवड्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. दोन दिवसांनी घरी आली.

"तुह्या बोळ्याचं एक पुडकं दे."

"कोणाले?"

"सुनेले."

दिलं. पुढंही देत गेले. एका सभेत तर तिचा दाखला दिला: अठ्ठावन्न वर्षांची बाई सुनेसाठी टॅम्पॉन मागते, बदल असा येतो! टाळ्या पडल्या. मावशीची सून तेव्हा बाळंतपणासाठी खाप्याला माहेरी गेली होती. हे मला माहीत होतं. माहीत असून डोक्यात आलं नाही की पोटुशी बाई टॅम्पॉन घेऊन काय करणार.

मावशीची स्वतःची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि तिला पुन्हा रक्त जायला लागलं होतं. पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा, हे मला ठाऊक होतं. पत्रकात नव्हतं. आमच्या पत्रकांत बाई शाळेत सुरू होते आणि पंचेचाळिशीत संपते. पुढं तिला अंग असतं, हे छापावंसं कोणाला वाटलं नाही. मलाही नाही.

मावशी सकाळी हात स्वच्छ असताना बोळा घालायची आणि संध्याकाळी बोटांना तेल चोळून, दोनदा साबण लावून काढायची. मधे बारा तास जायचे. चार ते आठ तासांत बदला, असं मी छापलं होतं. "बाजारात कुठं बदलू, तूच सांग," असं तिनं मला नंतर विचारलं.

ती पोत्यांवर कोसळली तेव्हा दोन बायांनी तिला ऑटोत घालून दवाखान्यात आणलं. मी धावत पोचले. डॉक्टरीण माझ्याच वयाची होती, थकलेली. तिनं विचारलं, "रक्त कधीपासून जातंय?"

"जात नव्हतं न बाई," मावशी म्हणाली. "औषध चालू होतं."

"कोणतं औषध?"

मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "इनंच त लिहून देल्लं. बोळा घातला का रक्त बाहेर येतच नाही."

डॉक्टरणीनं मला बाहेर नेलं. गर्भपिशवीच्या तोंडाशी गाठ होती, पसरलेली. तपासणीचा कागद यायचा होता, पण तिच्या चेहऱ्यावर शंका नव्हती. "तुम्ही शिकलेल्या दिसता," एवढंच म्हणाली. आणखी काही बोलली असती तर मी भांडले असते. भांडता मला येतं.

रक्त थांबेना म्हणून त्यांनी आत गॉजची लांबच लांब पट्टी दाबून बसवली. "पॅकिंग केलंय, उद्या काढू," नर्स म्हणाली. म्हणजे बोळाच. घोळणा फुटला तरी नाकात बोळा, बाळंतिणीचं थांबत नसलं तरी आत बोळा. रक्त तेवढ्यापुरतं अडतं. ते का येतंय, हे कापसाला कळत नाही. एवढं एक वाक्य पत्रकात मावलं असतं. जागा होती. तिथं मी फूल काढलं होतं.

मावशीला जाग आली तेव्हा मी खाटेशी बसले होते. "हा तुह्या बोळ्याहून मोठा हाये वं," ती म्हणाली. "आता त थांबन न?"

"हो."

"उद्या काढतीन तवा येईन का?"

"नाही," मी म्हणाले. अगदी छापल्यासारखं म्हणाले.

"तू सांगतलं त झालं," ती म्हणाली आणि तिनं निर्धास्त डोळे मिटले.