पूजेतला नकाशा

त्या स्वयंपाकघराची मागची भिंत अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. परतूर रस्त्यावरच्या एका नव्या मंगल कार्यालयात ऐन लग्नाच्या दिवशी गॅसने पेट घेतला. पुढच्या दारात आग, म्हणून पोळ्या लाटणाऱ्या दोघी जावा मागे धावल्या. मागे दारच नव्हते. पंचनाम्याच्या वेळी भिंतीवरच्या काजळीत त्यांच्या हातांचे ठसे दिसले.

मालकाचा जबाब तयारच होता. "नकाशात होतं तसं बांधलं, साहेब. मला त्यातलं काय कळतंय?"

मंजूर नकाशात खरोखरच मागे दार नव्हते. खाली सही होती शहरातल्या मस्तगड भागात ऑफिस असलेल्या एका इंजिनिअरची. आम्ही त्याला अटक केली.

कोठडीत तो एकच सांगत राहिला. "पहिल्या नकाशात दार होतं, साहेब. मालकाला मागं दुकानाचे गाळे पाहिजे होते. त्यानं फोन करून दार काढायला लावलं."

"मग पहिला नकाशा दाखवा."

"न्हाई ठेवला. त्याच फाईलवर बदल करत गेल्तो. जुनं पुसून गेलं."

मी भडकलो. आपल्याकडे लोक जुन्या लग्नपत्रिकासुद्धा जपून ठेवतात, आणि ज्या इमारतीत शेकडो माणसे जेवणार तिचा जुना नकाशा ठेवायला याला जड गेले. त्याचा संगणक जप्त करून तपासणीला पाठवला. हाती काही लागले नाही.

मग ठाण्यात एक फोन आला. मीच उचलला. बाईचा आवाज होता, नाव सांगेना. "भूमिपूजनात ठेवलेला नकाशा बघा, साहेब. तो कुणी फेकत न्हाई." एवढे बोलून तिने फोन ठेवला.

खरेच होते. हळदकुंकू वाहिलेला कागद कोण फाडणार? पंच घेऊन मालकाच्या घरी गेलो. "तसलं बिलकुल काही न्हाई," तो म्हणाला. त्याची बायको आत गेली आणि देवाच्या तसबिरीमागून घडी घातलेला नकाशा घेऊन आली. "पूजेचा हाय, साहेब. खाली ठेवू नका." फोनवरचा आवाज मी लगेच ओळखला, पण ते तपासाच्या कागदांत कुठेही लिहिले नाही. आता ती हयात नाही, म्हणून लिहितो आहे.

नकाशात स्वयंपाकघराला मागे दार होते. शेजारी इंजिनिअरच्या अक्षरात लिहिले होते, 'संकटकाळी बाहेर पडण्यासाठी. हे दार बंद करू नये.'

कोठडीत नकाशा पाहताच इंजिनिअर रडायला लागला. "आता तर सुटलो ना, साहेब?"

"दार बंद करू नये, हे तुम्हीच लिहिलंय. मग दार नसलेल्या नकाशावर सही कशी केली?"

त्याने मान खाली घातली. "न्हाई म्हन्लो असतो तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडं गेलं असतं."

मी मालक आणि इंजिनिअर, दोघांवरही दोषारोपपत्र दाखल केले.

ओळखीतल्या तरुण इंजिनिअरांना मी आजही सांगतो, जुने नकाशे जपून ठेवा आणि नव्यावर सही करण्याआधी ते एकदा उघडून बघा. आपल्याला आधी काय ठाऊक होते, ते त्यात लिहिलेले असते. माणूस स्वतःशी खोटे बोलायला फार लवकर शिकतो, हे मला त्या प्रकरणाने दाखवले.

न्यायालयात तो नकाशा आणि भिंतीचा फोटो शेजारी शेजारी ठेवला होता. नकाशात जिथे दार होते, हातांचे ठसे बरोबर तिथेच होते.