साठ वजाबाक्या

इस्पितळाच्या उपकरण विभागात तिला सगळे काटेकोरबाई म्हणत. पाठीमागेच म्हणत, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बावीस वर्षांत तिच्या सहीशिवाय साधा वजनकाटाही वॉर्डात गेला नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी घाई केली तरी तिचं उत्तर ठरलेलं, "आधी माझ्या टेबलावर हजेरी."

बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारी नवी यंत्रं आली, तेव्हाही तिने नियम मोडला नाही. साठ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या एका बोटाला वॉर्डातलं जुनं, खात्रीचं यंत्र आणि शेजारच्या बोटाला नवं. साठ जोड्या आलेखावर मांडल्या, तर ठिपके कसे शिस्तीत एका रेषेवर. सहसंबंधाचा आकडा जवळजवळ एक, म्हणजे पैकीच्या पैकी. आणखी काय हवं? तिने सही ठोकली आणि तसंच एक यंत्र विकत घेऊन दादाला नेऊन दिलं. दादाची फुप्फुसं आधीपासूनच अधू.

एका दुपारी त्याचा फोन आला.

"छोटे, दम लागतोय गं."

"आकडा किती?"

"त्र्याण्णव."

"मग घाबरायचं काही नाही. पडून राहा. काम आटोपून येते."

ती पोचली तेव्हा दादा गेला होता.

पंधरा दिवसांनी ती कामावर आली. हात कशालाच लागेना, म्हणून तिने साठ जोड्यांचा तो जुना कागद काढला. या वेळी प्रत्येक जोडीतल्या नव्या आकड्यातून जुना वजा केला आणि ते फरक ओळीने लिहिले. वरच्या आकड्यांत फरक जेमतेम एखाद्याचा. पण आकडा उतरेल तसा फरक वाढत गेला होता. नऊ रुग्ण नव्वदच्या खाली होते आणि त्या नऊही जणांना नवं यंत्र सहा-सात अंक वाढवून दाखवत होतं. दोन्ही यंत्रं बरोबरीने चढतात-उतरतात, एवढंच ती रेषा सांगत होती. दोन्ही एकच आकडा सांगतात का, हे या काटेकोरबाईने विचारलंच नव्हतं. दहा मिनिटं मागे असलेलं घड्याळही बरोबर घड्याळाच्याच चालीने चालतं. दादाचे त्र्याण्णव म्हणजे खरे शहाऐंशी असणार, तातडीने इस्पितळात न्यावं असे. साठ वजाबाक्या, शाळकरी पोराचं काम. ती टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडली.

संध्याकाळपर्यंत तिने सगळी नवी यंत्रं वॉर्डांतून परत मागवली आणि चूक आपली आहे असं लिहून दिलं.

"बाई, सगळे अशीच तुलना करतात," साहेब म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका."

"सगळ्यांचा भाऊ नाही गेला, साहेब."

तिथून ती वहिनीकडे गेली. वहिनी दादाचे सदरे घडी करून ठेवत होती. काहीही न लपवता तिने वहिनीला सगळं सांगितलं. वहिनी ओरडेल, निदान घराबाहेर काढेल, असं तिला वाटत होतं. खरं तर तेच तिला हवं होतं.

"तुझ्याशी बोलणं झाल्यावर मी रुग्णवाहिका बोलावत होते," वहिनी म्हणाली. "ओठ निळे दिसत होते त्यांचे. पण त्यांनीच माझ्या हातातून फोन काढून घेतला. म्हणाले, छोटीनं स्वतः तपासलंय ते. तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं का?"

वहिनीने हातातला सदरा घडी करून बाकीच्यांवर ठेवला.

"मलाही ते पटलं गं," वहिनी म्हणाली.